पितळी थाळी, एक

आमच्या देव्हाऱ्यात दहा वर्षं एक इंग्रज बाई बसली होती आणि तिला रोज हळद-कुंकू लागत होतं, हे मला इंग्रजी वाचायला लागल्यावर कळलं. तोवर ती आमची आईच होती. हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, दोन्ही बाजूंना दोन मोठे मासे, आणि दुसऱ्या हातानं पुढे धरलेली पानाफुलांची वेणी. खाडीकाठच्या माणसांनी तिला देवी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आज नातवंडं ही गोष्ट ऐकून हसतात. हसू दे. मला अजून हसू येत नाही, आणि या वयात येईल असंही वाटत नाही.

रेवस आणि थळ यांच्या मध्ये, खारात आमचं गाव. समुद्राला बांध घालून आजे-पणज्यांनी जमीन काढली, तिच्यावर आमचं भात. घराच्या मागे थोड्या अंतरावर उघाडी होती, म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते पाण्यानं आपोआप बंद होई आणि ओहोटीला उघडे. ते मिटतानाचा धप्प आवाज ऐकून, आता बाबा खाडीवरून परततील म्हणून, आई भाकऱ्यांचं पीठ भिजवायला घ्यायची. घड्याळ घरात नव्हतं, लागतही नव्हतं. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी भात आणि कडव्या वालाचं कालवण, आणि बाबांना खाडीच्या चिखलात निवटे मासे सापडले तर त्या दिवशी सण. रेवसला बोट लागली की तिचा भोंगा वाऱ्यावर आमच्यापर्यंत यायचा. तो ऐकला की काकी हातातलं काम थांबवायची. बोट गेली की पुन्हा सुरू करायची. का थांबते ते तिला कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको, भागीरथी. काका त्याच बोटीनं गेला होता. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे मला त्याचा चेहरा आठवत नाही, आणि फोटो काढण्याइतकी कोणाची ऐपत नव्हती. मोठी लढाई, पुस्तकात पहिलं महायुद्ध म्हणतात ती, चालली होती. सरकारची माणसं गावोगाव फिरून तरणे गडी गोळा करत होती. आमच्या गावात येऊन त्यांनी सांगितलं की लढायचं नाही, नुसती खेचरं सांभाळायची, पगार महिन्याच्या महिन्याला घरी येईल. काकाला जनावरांची आवड. बाबा नको म्हणत होते, पण त्या वर्षी बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं होतं आणि घरात खाणारी तोंडं सहा होती. तो गेला. बसऱ्याला गेला एवढं कळलं. काकीला वाटे की बसरा मुंबईच्या थोडा पुढे असेल. रेवसच्या बोटीवरच्या खलाशांना तिनं दोनदा निरोप दिला होता, बसऱ्याला कोणी भेटलं तर सांगा, गाय व्याली.

मग तो मेल्याचं कळलं. कसा मेला ते सरकारनं कळवलं नाही. ते पुढे दोन वर्षांनी शेजारच्या गावचा एक गडी परत आला त्यानं सांगितलं. गोळी नाही, तलवार नाही. उन्हाळ्यात तळावर पाणी संपलं, खेचरांसाठी ठेवलेलं गढूळ पाणी माणसं प्यायली, आणि जुलाब लागून तीन दिवसांत चौघे गेले. काका त्यांतला तिसरा. वाळूत पुरलं. ज्याच्या आजोबा-पणजोबांना जाळलं त्याला वाळूत पुरलं, आणि पुरताना नाव घेणारं आपलं माणूस एकच होतं, तेही तापानं फणफणलेलं. इकडे आमच्या अंगणात भटजींनी गवताचा माणूस करून त्याला अग्नी दिला. काकीचं कुंकू त्या गवतासमोर पुसलं. तेव्हा तिचं वय वीसही नसेल.

त्यानंतर काही काळानं पाटलांनी एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट आणून दिलं. आत ती गोल, बशीएवढी, जड धातूची चकती. सोबतच्या कागदावरचं इंग्रजी पाटलांनाही येत नव्हतं. मेलेल्याच्या नावानं सरकारनं पाठवलंय, अंगठा कर, इतकंच ते म्हणाले. बाबांनी अंगठा केला. चकती फिरवून फिरवून बघितली आणि त्यांना एकदम उलगडा झाला. आमच्यात घरचा माणूस गेला की त्याचा टाक करतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, आणि तो देव्हाऱ्यात पूर्वजांच्या टाकांशेजारी बसवतात. काकाचा टाक चांदीअभावी राहूनच गेला होता. बाबा म्हणाले, सरकारला आपली रीत माहीत दिसते. त्या दिवशी ते सरकारला दुवा देत होते. माझे बाबा भोळे होते असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसासाठी कोणी काही पाठवलं तर त्याचा दुसरा काय अर्थ होणार? आमच्याकडे तेवढाच अर्थ होता.

काकीनं तो टाक आपल्याकडे घेतला. घरच्या पूजेचा मान खरं तर आईचा, पण आईनं तो कधी मागितला नाही. दर अमावास्येला काकी चिंच आणि राख घेऊन बसायची आणि टाक असा उजळायची की आत तोंड दिसावं. मग देवीला कुंकू लावायची. स्वतःच्या कपाळाला जे लावायची मनाई होती ते ती तिथं लावायची, आणि लावताना बोट जरा जास्तच वेळ टेकवून ठेवायची. ती म्हणायची की देवीनं तुझ्या काकाला पदराखाली घेतलाय, हातातली वेणी बघ कुणासाठी धरलीय ती. वेणीच्या खाली एका चौकटीत अक्षरं होती. ती अक्षरं म्हणजे काकाच, असं काकीला कुणीही न सांगता कळलं होतं. नैवेद्याचा भात ती बरोबर त्या चौकटीसमोर ठेवायची.

मला शाळेत घालण्याचं कारणही तोच कागद. न वाचता अंगठा केल्याचं बाबांच्या मनात सलत राहिलं. घरात एकाला तरी सरकारी कागद वाचता आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मुलगा नव्हता, मी होते. मराठी चार इयत्ता गावात झाल्यावर त्यांनी मला तालुक्याच्या गावी आत्याकडे ठेवलं आणि इंग्रजी पहिलीत घातलं. लोकांनी काय काय म्हटलं ते मी इथं लिहीत बसत नाही. म्हणणारे सगळे वर गेले, आणि त्यांच्या नाती आज इंग्रजीत भांडतात.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा काकीनं मला हात-पाय धुवायला लावले, देव्हाऱ्यातून टाक काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, वाच. मी चौकटीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. धर्मा बाळू. काकाचं नाव आणि आजोबांचं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि तिनं तर लग्नातल्या उखाण्यानंतर ते कधीच उच्चारलं नव्हतं. तिनं माझं बोट धरून त्या अक्षरांवरून पुन्हा फिरवलं, मग स्वतःचं फिरवलं. तीन-चार वेळा तिनं मला ते नाव मोठ्यानं वाचायला लावलं. नंतर कळलं की गेली कित्येक वर्षं ते नाव तिच्या कानावरही पडलं नव्हतं. बाबांना ते घेववत नव्हतं आणि आई तिच्यासमोर घेत नव्हती.

चकतीच्या कडेनं गोलाकार आणखी अक्षरं होती. ती मला लागेनात. ती कागदावर जशीच्या तशी उतरवून मी शाळेत नेली आणि आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना विचारलं. त्यांनी कागद पाहिला, हे कुठून आणलंस विचारून टाकाची सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि वर्ग सुटेपर्यंत मला थांबवून ठेवलं. मग हळू आवाजात अर्थ सांगितला. हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला, असं त्या कडेवर लिहिलेलं होतं. देवी म्हणून बसवलीत ती देवी नसून इंग्रजांच्या देशाचं बाईच्या रूपातलं चित्र आहे, हेही सांगितलं. सांगताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. घरच्यांना सांग, पण चारचौघांत वाचू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. ते दिवस तसे होते. स्वातंत्र्य हा शब्द भिंतीवर लिहिला म्हणून मुलांना छड्या बसत होत्या, आणि तोच शब्द सरकारनं स्वतः ओतून, ठसठशीत करून, आमच्या देव्हाऱ्यात पाठवला होता. जो माणूस खेचरांचं पाणी पिऊन मेला त्याच्या कपाळी! आज पंच्याऐंशी उलटली तरी हे वाक्य लिहून मी लेखणी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

देवी ही देवी नाही हे मी काकीला सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. कडेवरची अक्षरं मात्र सांगितली. ती वाल सोलत होती. स्वातंत्र्य म्हणजे काय, असं तिनं विचारलं. कुणाच्या हाताखाली नसणं, आपलं आपण असणं, असं मी माझ्या बुद्धीप्रमाणे सांगितलं. तिनं आणखी मूठभर वाल सोलले आणि म्हणाली, "तुझे काकाला म्हाईत होता का गो, तो कशासाठी मेला ता?"

पुढचा उन्हाळा मिठाचा. सगळीकडे मिठावरून सत्याग्रह पेटला होता. आमच्या खारात मीठ कोणी पिकवत नसे, ते आपसूक पिके. चैत्र-वैशाखात बांधाबाहेरच्या खळग्यांत भरतीचं पाणी साचून आटलं की पांढरा थर राही. बायका तो खरवडून आणत, सुक्या मासळीला आणि कैऱ्यांना लावत. कायद्यानं तो गुन्हा आहे हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण टोपलीभर मिठाकडे कोणी बघत नसे. त्या वर्षी बघायला लागले. दोन शिपाई बांधावर बसवले. काकी नेहमीसारखी टोपली घेऊन गेली. भाषण ऐकून नाही, कैऱ्या फोडून ठेवल्या होत्या म्हणून गेली. शिपायानं तिची टोपली उपडी केली आणि बुटानं मीठ चिखलात मळलं. मळताना हसला. काकी रिकामी टोपली घेऊन घरी आली, कैऱ्यांकडे बघत ओटीवर बसून राहिली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गेली. या वेळी तिच्यामागे गावातल्या अकरा बायका होत्या. मीठ खरवडून त्या शिपायांच्या पुढ्यातून डोक्यावर टोपल्या घेऊन चालत आल्या. सगळ्यांत पुढे कोण होतं ते शिपायांनी लिहून घेतलं.

कचेरीतून बोलावणं आलं. घेऊन आलेला माणूस म्हणाला, बाईमाणूस एकटी उभी करून घेत नाहीत, घरातला पुरुष बरोबर आण. बाबा जाणारच होते. मला कागद वाचायला न्यायचं ठरलं. निघताना काकीनं देव्हाऱ्यापुढे हात जोडले, टाक उचलला आणि पदरात बांधला. बाबा म्हणाले, देव कशाला बाहेर काढतेस. ती दाराआडून आईला म्हणाली, "पुरुष आन म्हनून सांगितलाय ना. माझा ह्योच हाय." बाबा पुढे चालायला लागले. दोन कोस आम्ही चालत गेलो, आणि ते ओझं तिनं मला एकदाही धरायला दिलं नाही.

कचेरीत बाबांना दाराशीच थांबवलं. मामलेदार आपल्यातलेच होते, म्हणजे मराठी बोलणारे, पागोटं घातलेले. हे मला आजही जास्त लागतं. गोऱ्या साहेबाचा मला इतका राग नाही. कारकुनानं काकीचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मामलेदार चिडले, ही सरकारला दाद देत नाही म्हणाले. त्यांना काय कळत नव्हतं? त्यांच्या घरी त्यांची बायको त्यांचं नाव घेत होती का? मग काकीनं पदर सोडला, टाक टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळली. "यमे, नाव वाच."

मी वाचलं. धर्मा बाळू. कारकुनानं लिहून घेतलं. मामलेदारांनी चकती ओळखली. त्यांचा आवाज जरा खाली आला, पण शब्द काही खाली आले नाहीत. ते म्हणाले की तुझ्या नवऱ्यानं सरकारचं मीठ खाल्लं, त्या मिठाला जागून प्राण दिला, आणि तू त्याच सरकारचं मीठ चोरतेस, त्याच्या नावाला बट्टा लावतेस. काकी मान खाली घालून उभी होती. ती वर न बघताच बोलली.

"मीठ आमचे खाराचा, सायेब. तो घरान होता तवा मीच घातला त्याचे कालवनात. सरकारचा त्यानी खाल्ला न्हाय. सरकारनं त्याला पानी पन दिला न्हाय."

कचेरीत पंखा ओढणारा माणूसही थांबला. मामलेदार म्हणाले, माफी माग, सोडून देतो. काकीनं सोडलेला पदर पुन्हा खोचला. आणि इथं मी ते केलं जे मास्तरांनी करू नको म्हणून सांगितलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. नाव वाचून माझं काम झालं होतं. पण नावाला बट्टा हे शब्द माझ्या डोक्यात गेले होते. मी टेबलावरची चकती हातात घेतली आणि कडेवरचं सगळं वाक्य, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, शाळेत कविता म्हणतात तसं खणखणीत वाचलं. हा स्वातंत्र्यासाठी मेला. मग म्हटलं, हे तुम्हीच लिहिलंय ना साहेब? मग काकीनं वेगळं काय केलं?

मामलेदारांनी माझ्या हातून चकती काढून घेतली. स्वतः वाचली. मला वाटलं, आता यांना लाज वाटेल. क्षणभर वाटलीही असावी, कारण त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांची नजर देवीच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली. हे काय फासलंय, असं त्यांनी विचारलं. सरकारी चिन्हाला रंग फासून ते जमाव भडकवायला वापरतात, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. लढाईत मेलेल्याच्या विधवेला तुरुंगात टाकलं तर पेपरात येईल, म्हणून तिला तंबी देऊन सोडलं. चकती मात्र ठेवून घेतली. मुद्देमालात जमा करा, म्हणाले. कारकुनानं विचारलं, काय म्हणून लिहू? मामलेदार पुढच्या कागदाकडे वळले होते. काहीतरी लिही, म्हणाले. कारकुनानं लिहिलं: पितळी थाळी, एक. मला वाचता येत होतं, म्हणून मी ते वाचलं. वाचता येण्याचं बक्षीस.

बाबा एव्हाना शिपायाला बाजूला सारून आत आले होते. मी त्यांना सांगितलं काय लिहिलंय ते. आयुष्यात कधी सरकारी माणसासमोर तोंड न उघडलेले माझे बाबा त्या कारकुनाला म्हणाले, "थाली न्हाय ती. माझा भाव हाय." कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, बाबा, इथं वस्तू लिहायच्या असतात, भाऊ लिहायला रकाना नाही.

परतीच्या वाटेवर मी रडत होते. मी वाचलं नसतं तर टाक घरी आला असता. हे तेव्हा खरं होतं आणि आजही खरं आहे, आणि मी ते झाकणार नाही. काकीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. बांधावर आल्यावर ती मला म्हणाली, चांगला वाचलास. घरी देव्हाऱ्यात, दहा वर्षं टाक जिथं टेकला होता तिथं, लाकडावर गोल डाग उमटला होता. त्या जागी तिनं दुसरं काही ठेवू दिलं नाही. अमावास्येला ती त्या गोलाला कुंकू लावायची आणि पुढे भात ठेवायची. बोट तसंच टेकवून ठेवायची. पुढच्या काही वर्षांत आम्ही तीन वेळा अर्ज केले. सगळे मी लिहिले, शुद्ध इंग्रजीत. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढे सगळं बदललं. मी शिक्षिका झाले, बाबा गेले, कचेरीवर आपला झेंडा लागला. झेंडा लागल्यावर आलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिथं गेले. मला वाटलं, आता तर तो शब्द गुन्हा राहिला नाही. नवा कारकून माझाच विद्यार्थी निघाला. बाई, बसा, चहा घ्या, म्हणाला, आणि खरंच दोन दिवस जुनी दफ्तरं चाळून त्यानं नोंद शोधून काढली. पितळी थाळी, एक. तिच्यापुढे वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हातानं लिहिलेलं होतं: बेवारस, मोडीत काढली. बेवारस! तीन अर्ज केलेल्या माणसांना बेवारस! मी त्या पोरावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता, पण मला दुसरं कोण भेटणार होतं?

घरी येऊन काकीला सांगणं भाग होतं. ती ओटीवर कैऱ्या फोडत बसली होती, शेजारी मिठाचं मडकं. मोडीत म्हणजे काय, असं तिनं विचारलं. वितळवली, मी म्हटलं. तिनं विळी आडवी केली आणि हात पदराला पुसले. मग म्हणाली, "म्हंजे त्याचा नाव आता कुठंच लिवलेला न्हाय."

मी मान हलवली. ती उठली, ओटीच्या कडेला जाऊन खाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि लांब शेतात गेलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी मोठ्यानं म्हणाली, "धर्मा!" लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा. आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. काकीनं पुन्हा हाक मारली, "धर्मा बाळू!" मग ती वळली. डोळे कोरडे होते आणि चेहरा त्या दिवशी कचेरीत उभ्या राहिलेल्या काकीचा होता.

"तुना लिवता येतं ना?" ती मला म्हणाली. "मंग ल्ही. थाली न्हाय म्हनून ल्ही."